न लागलेला लाल दिवा

टिळकवाडी, बेळगाव
५ ऑक्टोबर २०२५

विक्रम,

आशीर्वाद शेवटी देते. आधी प्रश्न.

गुरुवारी दसऱ्याला तू निपाणीहून आलास. लेकीला, आरोहीला, तिच्यासाठी घेतलेल्या गाडीची चावी दिलीस, आपट्याची पानं दिलीस, पोटभर जेवलास आणि निघता निघता माझ्या गाडीतला पिवळा दिवाही घालवून गेलास. खंडेनवमीला गल्लीतल्या सगळ्यांसारखी मीही गाडी धुऊन घेतली होती. धुणाऱ्याने बॉनेट उघडून आत पंपाचा फवारा मारला. मी हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि संध्याकाळी इंजिनाचा दिवा लागला. तू स्टिअरिंगखाली ते काड्यापेटीएवढं यंत्र खोचलंस, मांडीवर लॅपटॉप घेतलास आणि दोन मिनिटांत "झालं, आक्का" म्हणालास. दिवा गेला तो अजून आलेला नाही.

यासाठी फोन करणार नव्हते. फोनवर तू "व्हय आक्का, बरं आक्का" म्हणतोस आणि विषय पावसावर नेतोस. कागदावर तसं करता येत नाही. म्हणून लिहून विचारते, आणि उत्तरही लिहूनच हवं.

माझ्या गाडीत बिघाड काय होता? त्या यंत्राने काही तरी आकडा दाखवला असेल ना, तो कुठे लिहून ठेवलास का? तू बिघाड दुरुस्त केलास, की बिघाडाची तक्रार पुसून टाकलीस? मी छत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. थर्मामीटर झटकून पारा खाली आणायचा आणि ताप उतरला म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणखी एक. आरोहीच्या गाडीतही हे यंत्र घातलंस का? माझी गाडी भाजी आणि वाचनालय यापलीकडे जात नाही. ती मात्र इथून आठवड्यातून तीन दिवस जांबोटीवरून कणकुंबीकडच्या गावांत गुरांना तपासायला जाते. त्या रस्त्यावर गवे आडवे येतात. म्हणून विचारते.

आशीर्वाद.
मंगल


निपाणी
११ ऑक्टोबर

आक्का, नमस्कार.

प्रश्नपत्रिका मिळाली. वेळ तीन तास, सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक.

तुझ्या गाडीत पाणी गेलं होतं, बाकी काही नाही. आकडा दाखवला होता, पण लिहून ठेवला नाही. दिवा परत आला नाही म्हणजे पाणी वाळलं. इतकं साधं आहे.

खंडेनवमीला इथं आमच्या गल्लीत सतरा गाड्या धुतल्या गेल्या आणि त्यातल्या नऊ गाड्यांत कसला ना कसला दिवा लागला. सगळे माझ्या दारात. मारुतीरावांची गंमत ऐक. त्यांचा दाराचा दिवा जाईना. मी यंत्र लावलं, लॅपटॉप उघडला, सगळी गल्ली भोवती गोळा. "डॉक्टर, मेजर हाय का मायनर?" मारुतीराव घाम पुसत विचारत होते. तेवढ्यात त्यांच्या नातीनं दारात अडकलेला झेंडूचा हार ओढून काढला आणि दिवा गेला. तरी चहा मलाच मिळाला! आता सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी म्हणतो, बाबांनो, डॉक्टर माझी पोरगी आहे, तीही जनावरांची.

आक्का, तुला माहीत आहे, आरोहीची आई गेल्यापासून आणि वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून दिवस खायला उठायचा. हे यंत्र मी इंटरनेटवरून मागवलं. प्रोग्रॅम कोल्हापूरच्या एका मित्रानं ग्रुपवर टाकला, गॅरेजवाले विकत घेतात तोच, पूर्ण, फुकट. लॅपटॉपमधलं व्हायरसचं संरक्षण तेवढं बंद ठेवावं लागतं. रोज सकाळी दोन तास मी त्यात डोकं घालतो. या वयात नवीन काही येतंय याचं तुला कौतुक वाटायला हवं.

आरोहीच्या गाडीतही लावलं. सगळं ठीक आहे. एकही दिवा लागत नाही.

भाऊबीजेला येतो.

तुझा
विक्रम


टिळकवाडी
२७ ऑक्टोबर

विक्रम,

भाऊबीजेला तू आलास तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आरोही समोर होती. आता लिहिते.

संध्याकाळी तिने तुला स्टँडवर सोडलं तेव्हा मी पुढच्या सीटवर होते. तू मागे बसून तिला गिअर कसे टाकावेत ते शिकवत होतास आणि ती हसत होती. तिने चावी फिरवली तेव्हा मी समोरचे दिवे बघत होते. ही माझी जुनी खोड आहे. उपकरण सुरू होताना बघायचं, ते स्वतःला तपासून घेतं.

चावी फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात आणि मग एकेक विझतो. तेल, बॅटरी, ब्रेक, इंजिन, सगळे लागले. एअरबॅगचा लाल दिवा, तो माणसापुढे फुगा धरलेलं चित्र असतं ना, तो लागलाच नाही. मला वाटलं, माझी नजर चुकली. येताना मी तिला पेट्रोल पंपावर गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. "आत्या, काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, घड्याळ लावते. पुन्हा तेच.

घरी आल्यावर तिच्या गाडीचं माहितीपुस्तक काढून वाचलं. स्पष्ट लिहिलं आहे: चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागला पाहिजे. लागून विझला नाही तर बिघाड, आणि मुळीच लागला नाही तरी बिघाड. दोन्ही वेळा गाडी तज्ज्ञाकडे न्यावी.

"एकही दिवा लागत नाही" असं तू मोठ्या आनंदाने लिहिलं होतंस. हाही तुझ्या यंत्राचाच प्रताप आहे का? एका वाक्यात उत्तर दे. मारुतीरावांचा हार नको.

मंगल


निपाणी
३१ ऑक्टोबर

आक्का,

एका वाक्यात उत्तर: बल्ब गेला असेल.

आठ वर्षांची गाडी आहे. तिच्यात बारीकसारीक काही तरी असणारच. त्या पुस्तकात कंपनीवाले सगळीकडे "तज्ज्ञाकडे न्यावी" असंच लिहितात, तो त्यांचा धंदा आहे. मी तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळले, मला दिवा कळत नाही का?

कॉलेजात पी.यू.सी.ला मी फिजिक्समध्ये नापास झालो त्याला आता चाळीस वर्षं झाली. तू मात्र अजून माझी वही तपासतेस. गल्लीत माणसं मला विचारायला येतात आणि घरी तू मला कोपऱ्यात उभं करतेस.

आरोहीला काही बोलू नको. तिला ती गाडी किती आवडली आहे हे तूही बघितलंस. पुढच्या महिन्यात येऊन बल्ब बदलून देतो.

उद्या एक नोव्हेंबर, राज्योत्सव आणि काळा दिन. तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, रस्ते बंदच असतील. पत्र सोमवारच्या आधी मिळणार नाही.

विक्रम


टिळकवाडी
६ नोव्हेंबर

विक्रम,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी आरोहीला सुट्टी होती. टायर तपासून आणते असं सांगून मी तिची गाडी घेतली आणि उद्यमबागेत शामूकडे नेली. पंधरा वर्षं माझी गाडी तोच बघतो. कमी बोलतो, म्हणून मला चालतो.

त्याने त्याचं यंत्र लावलं. तुझ्यापेक्षा चौपट मोठं आहे आणि तरीही त्याने आधी वहीत गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली. पाच मिनिटं बघितलं. मग दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, हे खोकं बोलतच न्हाय."

"कुठलं खोकं?"

"एअरबॅगचं. गिअरच्या पुढं आत असतंय. बाकी सगळी खोकी बोलाय लागल्यात, ह्ये गप्प. मेलंय. दिवा त्याच्यातनंच लागतोय, म्हणून दिवा पण न्हाय."

मी विचारलं, पाण्याने गेलं असेल का? तो म्हणाला, "पाण्यानं गेलं असतं तर गंज दिसला असता. हे कुणी तरी आतलं लिखाण बदलाय गेलंय आणि मधेच सोडलंय. आमच्याकडं असली चार आल्यात ह्या दसऱ्याला. यूट्यूब बघून करत्यात मॅडम. गाडीचं काय न्हाय, पण आत माणूस बसतंय की."

पुढचं मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. टक्कर झाली असती तर एकही एअरबॅग उघडली नसती. ड्रायव्हरचीही नाही, शेजारचीही नाही.

विक्रम, दसऱ्यापासून मंगळवारपर्यंत तेहतीस दिवस. तेवढ्यात ती कणकुंबीला चौदा वेळा जाऊन आली. मी तिच्या डायरीत मोजलं.

गाडी शामूकडे ठेवली आहे. आरोहीला म्हटलं, काही दिवस गाडी नेऊ नको. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. त्यावर ती काय म्हणाली तेही लिहिते, म्हणजे तुला कळेल मी काय ऐकून घेते आहे. "पप्पा मला गाडी देतात आणि तू काढून घेतेस. एकट्या बाईनं जंगलातून जाऊ नये, असंच ना आत्या? सरळ म्हण की." हे मला! मी स्कूटरवरून कॉलेजला जायचे तेव्हा आपल्या गावची, येळ्ळूरची, माणसं घरी येऊन आप्पांना जाब विचारायची.

ती आता सहाच्या बसने जाते, लसींची पेटी खांद्याला लावून फाट्यापासून चालते आणि रात्री माझ्याशी बोलत नाही.

मी तिला सांगू शकते. दोन वाक्यांचं काम आहे. पण केलंस तू, तर सांगायचंही तूच. तू नेमकं काय केलंस ते मला लिही, आणि तिला सांग. तोवर तिचा राग मी सोसते. फार दिवस सोसणार नाही.

मंगल


निपाणी
१० नोव्हेंबर

आक्का,

गाडी मी शनिवारी शामूकडून घेऊन आलो. शनिवारी सकाळी तू वाचनालयात असतेस हे मला माहीत होतं. तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. चिकोडीच्या फाट्यापर्यंत चाळीसच्या वर गाडी घेतली नाही.

आता खरं लिहितो.

गाडी सप्टेंबरात घेतली तेव्हा एकही दिवा नव्हता. खंडेनवमीला इथं दारात धुतली. आतूनही धुतली, सीटखाली ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, आणि तासाभरात तो लाल दिवा लागला. मला वाटलं, सगळ्यांसारखं पाण्यामुळं. पुसला. मिनिटात परत आला. परत पुसला. सहा वेळा पुसला. तेव्हा मला कळायला हवं होतं की हे पाणी नाही. आता कळतं की ज्यानं मला गाडी विकली त्यानंही असाच पुसून दिला होता. यंत्र स्टिअरिंगमधली तार तुटल्याचं दाखवत होतं; ते जुनं दुखणं, ती आधीच अर्धी तुटलेली असणार आणि गाडी धुताना पुरती गेली. मला फसवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आरोहीच्या हातात चावी द्यायची होती. तिची आई असती तर तिनं ओवाळलं असतं. ते मला एकट्याला करायचं होतं आणि गाडीत लाल दिवा जळत होता. सणाच्या दिवशी तिच्या हातात तसली गाडी कशी देऊ? आणि तू शेजारी उभी असणार. "हे काय रे विक्रम?" हा तुझा आवाज मला इथं निपाणीत ऐकू येत होता.

त्या प्रोग्रॅममध्ये आतली मांडणी बदलायची सोय आहे. ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, खोक्याला सांगायचं की या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग बसवलेलीच नाही, मग ते तक्रार करत नाही. मी तसं करायला गेलो. अर्ध्यात लॅपटॉप बंद पडला. परत सुरू केला, चावी फिरवली, तर दिवा गेलेला. मी समजलो, काम झालं. आक्का, खरंच समजलो. देवाला नमस्कार केला.

तुझं दिव्याचं पत्र आलं तेव्हा मात्र मला शंका आली होती. तरी बल्ब लिहिलं. ते समजून उमजून लिहिलं.

आता ऐक. मी एक ठरवलंय. नवीन खोकं, नवीन तार, सगळं करायचं तर महिना जाईल आणि एवढं करून गाडी जुनी ती जुनीच. हायवेच्या अलीकडं आण्णाप्पा म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल आहे, तो आहे तशी घ्यायला तयार आहे. दिवा लागत नाही म्हटल्यावर त्याला काही अडचण नाही. आरोहीला मी दुसरी देतो, चांगली, पूर्ण तपासून. तिला सांगू, पहिली गाडी पप्पांना पसंत नव्हती. तिला धक्का कशाला? झालं ते झालं. कुणाला काही झालेलं नाही.

तू फक्त गप्प राहा. ते तुला जमतंय असं दिसतंय.

विक्रम


टिळकवाडी
१३ नोव्हेंबर

विक्रम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या अर्ध्या पत्रापर्यंत मला तुझा राग आला नाही, वाईट वाटलं. पुढच्या अर्ध्यात तू जे ठरवलं आहेस ते वाचून मात्र उठून पाणी प्यायले.

ज्याने तुला फसवलं त्याच्यात आणि तुझ्यात आता काय फरक राहिला ते मला लिहून कळव. त्याने निदान दिवा पुसला होता, एअरबॅग मारली नव्हती.

आण्णाप्पा ती गाडी दारात शोभेला ठेवणार नाही. कुणी तरी ती घेईल. समोरचे दिवे बघेल, सगळे विझलेले बघून समाधान मानेल आणि आत बायकापोरं बसवेल. ती माणसं तुला माहीत नाहीत म्हणून ती नाहीत, असं होत नाही. वीज खात्यात तीस वर्षं काढलीस. वर खांबावर माणूस चढलेला असताना "लाइन चालू करू नये" ही पाटी कुणी काढून टाकली असती, तर तू त्याला काय केलं असतंस? तू एकदा एकाला कानफटात मारली होतीस. तूच सांगितलं होतंस, आणि मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता.

माझ्या आवाजाबद्दल लिहिलंस. ते खरं असेल. मी तुला पी.यू.सी.ला शिकवायला बसायचे तेव्हा तुझं चुकलं की पेन्सिल टेबलावर आपटायचे. तू चुकायचा थांबला नाहीस, चूक दाखवायचा थांबलास. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी जरा बरी शिक्षिका झाले असते. यातला माझा वाटा मी घेते. तुझा तुझ्याकडे राहू दे.

गप्प राहायला सांगतोस. रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी नाश्त्याला मी आरोहीला सगळं सांगणार आहे. त्याआधी तू सांगितलंस तर मला सांगावं लागणार नाही.

मंगल


निपाणी
१९ नोव्हेंबर

आक्का,

तुला आठवडाभर उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर तुझं पत्र खिशात असतानाच मी काल गाडी घेऊन आण्णाप्पाकडं गेलो. विकायलाच गेलो होतो.

तिथं एक जोडपं आधीच बसलं होतं. भावकू आणि जयाबाई, इथल्याच एका खेड्यातले. नवरा-बायको दोघं सूतगिरणीत कामाला आहेत. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. आण्णाप्पानं माझी गाडी फाटकातून आत येताना बघितली आणि मी उतरायच्या आधीच त्यांना म्हणाला, "ही बघा. हीच घ्या. सरांच्या पोरीची गाडी हाय. बापानं पोरीला दिलेली गाडी. वाईट कशी असंल?"

जयाबाईनं दार उघडलं. मुलगी पुढच्या सीटवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. भावकूनं चावी फिरवली. समोर बघितलं आणि म्हणाला, "एक बी दिवा न्हाय गं. लई नीट ठेवलीया."

जयाबाई माझ्याकडं वळली. "लेकीची म्हटल्यावर बघायलाच नको. व्हय न्हवं सर?"

मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण एकदम सगळंच खरं बाहेर आलं. मी म्हटलं, ही गाडी घेऊ नका. हिची एअरबॅग मी मारली आहे. दिवा लागत नाही तो त्याच्यामुळं. पोरीला आतून उतरवा.

आण्णाप्पा म्हणाला, "सर, डोकं फिरलं का काय! माझ्या दारात उभं राहून माझं गिऱ्हाईक पळवताय?" भावकूनं मुलीला उचललं. जयाबाईनं मात्र विचारलं, "तुमच्या लेकीला म्हाईत हाय?"

मी वाकून चावी काढून घेतली. तिनं ओळखलं. पदर खोचला आणि दुसऱ्या गाडीकडं गेली.

गाडी तिथून सरळ कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. नवीन खोकं यायला तीन आठवडे लागतील, तोवर ती तिथंच राहील. त्यांच्या माणसाला मी काय केलं ते सगळं लिहून दिलं. तो म्हणाला, असं लिहून कुणी देत नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या नऊही घरी गेलो आणि सांगितलं की मी दिवे पुसले होते, आत काय होतं ते बघितलं नव्हतं, गाडी दाखवून घ्या. आठ जणांनी ऐकून घेतलं. मारुतीराव म्हणाले, "आमच्यात हार अडकला होता, तो पण दाखवून घेऊ का?" सगळे हसले. मीही हसलो. आता मला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे. त्यावर आरोहीचं नाव आहे. ते तिला दे. तू वाचू नको. मला फोनवर बोलता आलं नसतं.

विक्रम


टिळकवाडी
२३ नोव्हेंबर

विक्रम,

तुझी दोन्ही पाकिटं काल दुपारी आली. मी माझं वाचलं. तिचं तिला दिलं, ती कणकुंबीहून आल्यावर. चिखलाचे बूट काढत होती. पाकीट हातात घेतलं, तुझं अक्षर बघितलं आणि म्हणाली, "पप्पांचा फोन खराब झालाय का?" मग पायरीवरच बसून वाचलं.

तुझं पत्र चार पानी होतं असं तिच्या हातातल्या कागदांवरून दिसलं. तिने चारही पानं वाचली, घडी घातली आणि मला विचारलं, "आत्या, तुला कधी कळलं?"

मी तारीख सांगितली. चार नोव्हेंबर.

"म्हणजे अठरा दिवस मी तुझ्यावर चिडून होते, आणि तू चिडू दिलंस."

मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी सांगावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "गाडी माझी होती. मी चालवत होते. माझ्याबद्दल तुम्ही दोघं दीड महिना एकमेकांना पत्रं लिहिता, आणि मला कुणी एक ओळ लिहीत नाही."

मी तिची माफी मागितली. नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी कुणाची मागितल्याचं मला आठवत नाही, आणि मला ती नीट जमलीही नाही. मध्येच मी तिला चहा ठेवू का विचारलं. ती नको म्हणाली.

रात्री जेवताना ती तुझ्याबद्दल फक्त एकदा बोलली. "त्या बाईला त्यांनी समोर उभं राहून सांगितलं. तिला त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मला पाकिटातून." मग भाताचा घास घेतला.

मी तुझी बाजू मांडली नाही. मांडता आली असती. अनोळखी माणसासमोर लाज कमी वाटते, हे मलाही कळतं. पण ते तिला सांगायचं काम माझं नाही, आणि आता तुझंही कागदावरचं नाही.

आज सकाळी नाश्त्याला तिने मला निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते. "पप्पांना सांग, पत्र मिळालं. ते सांगितलं असं मी धरत नाही. त्यांनी इथं यावं, माझ्यासमोर बसावं आणि पहिल्यापासून सांगावं. मी मधे बोलणार नाही. आणि तू त्या वेळी घरात थांबायचं नाहीस."

मी वाचनालयात जाऊन बसेन. रविवारी ते बंद असतं, पण पायऱ्या असतात.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने ये. मला उत्तर लिहू नको.

आशीर्वाद.
मंगल